उजवी कळी

आमच्या घरमालकांच्या घरात विंचू मारायला बंदी होती. भाड्याची बोलणी करताना त्यांनी ही अट सांगितली नव्हती. पहिल्याच आठवड्यात न्हाणीत विंचू निघाला, मी चप्पल उचलली आणि माझी किंकाळी ऐकून ते दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, मदतीला आले. ते म्हणाले, "बाई, तो तुमच्या आदीं हंय रावता." म्हणजे विंचू इथला माझ्याआधीचा रहिवासी.

मग त्यांनी केरसुणीने विंचवाला एका जुन्या तांब्यात घेतलं, कुंपणापलीकडे नेऊन सोडलं आणि त्याला समजावलं, "परत येव नाका रे. बाई नवी आसा, भियेता." दोन-तीन दिवसांनी तो परत आला. तो किंवा त्याचा भाऊ. घरमालक जराही खट्टू झाले नाहीत. म्हणाले, "सांगलां तां ताका अजून पटूक नाय. पटतलां. येळ लागता."

तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता ती गोष्ट आठवली की डोकं फिरतं.

गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबा म्हणू लागले. गाव पेडणे तालुक्यात पार आत, इब्रामपूरच्या बाजूला. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की फोनला कधी इकडची रेंज मिळे, कधी तिकडची. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना प्रसिद्धी द्यायची माझी इच्छा नाही. मी डिचोलीतल्या नार्व्याची. हायस्कूलमध्ये बदली होऊन तिकडे गेले आणि आबांच्या घराची एक बाजू मला भाड्याने मिळाली. आबा विधुर, मूलबाळ नाही, शेजारी पुतण्याचं घर. मागे सुपारी-केळीचं कुळागर, त्याच्या मागे डोंगर आणि डोंगराच्या कुशीतून बारा महिने वाहणारी झर. त्या झरीचं पाणी पाटाने आधी आबांच्या कुळागरात, मग गावाच्या भातशेतीत आणि उरलेलं व्हाळात, खालच्या ओढ्यात, जाई. गावातल्या सगळ्या विहिरी तिच्याच जिवावर भरलेल्या असत.

मी खाणींच्या तालुक्यातली. डोंगर कसा जातो ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. आधी ट्रक येतात, मग धूळ येते, मग घराघरात खोकला येतो आणि शेवटी देवळाला नव्या फरशा येतात. फरशा आल्या की लोक खोकायचे थांबतात. त्यामुळे पेडण्यातला तो हिरवागार डोंगर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आनंद झाला नाही, धडकी भरली.

आबांना मात्र कशाचीच धडकी भरत नसे. ते सकाळी घराबाहेर पडताना घराला "येतां हां" म्हणून सांगत. केळीचं पान कापण्याआधी केळीला हात लावून दोन क्षण थांबत. काजूचा पालापाचोळा जाळायचा असला की ढिगाभोवती काठी आपटत फिरत आणि मोठ्याने ओरडत, "सरा रे सगळे, आग लायतां!" मग वाळकं लाकूड घेऊन उकिडवे बसून राहत. कोणासाठी? तर किडामुंगी, सरडे, काय असतील ते बिऱ्हाड हलवतील म्हणून. पावाची पिशवी सायकलला लटकवून येणारा पदेर रोज त्यांना चिडवायचा, "आबा, नोटीस दिली मूं?" आबा गंभीरपणे मान हलवायचे.

डोंगराचा एक राखणदार होता. झरीच्या वर, एका जुन्या किंदळीच्या झाडाखाली, ओबडधोबड पाषाण. रात्री तो गावाभोवती फेरी मारतो अशी सगळ्यांची श्रद्धा. दर वर्षी त्याला रोट, दारू आणि नव्या चामड्याच्या वहाणा द्यायच्या, कारण चालून चालून जुन्या झिजतात. वहाणांचं काम आबांकडे. ते सावंतवाडीला जाऊन चांभाराकडे तासभर बसत आणि पायाचं माप विचारलं की स्वतःचा पाय पुढे करत. "माझ्याच मापाच्या बऱ्यो. ताका लागल्यो तर माका कळतलां," म्हणत. यात विनोद आहे असं त्यांच्या गावीही नसे.

पण गाव आबांना मानत होतं ते त्यांच्या गाऱ्हाण्यासाठी. आमच्या भागात काहीही सुरू करायचं, संपवायचं, मागायचं असलं की एक जण देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने बोलतो आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. आबांचा आवाज खणखणीत होता, ते तर झालंच. पण त्यांची एक अजब रीत होती. गाऱ्हाण्यात ते आधी समोरच्याचं भलं मागत. शेजाऱ्याशी मेरेवरून, शेताच्या बांधावरून, भांडण असेल तर आधी शेजाऱ्याच्या शेताला पाणी, त्याच्या गाईला वासरू, त्याच्या मुलाला नोकरी, आणि मग कुठे आपली मेर. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार? म्हणाले, "आपलां देवाक ठावक आसा, बाई. दुसऱ्याचां सांगूक होयां."

ही रीत किती कामाची आहे, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि नाही म्हणणार नाही. डोंगर कोणा बाहेरच्या माणसाने विकत घेतला. कोणी विकला, कसा विकला, ही चर्चा गावात पुष्कळ झाली आणि त्यात आबांच्या पुतण्याचं नाव दबक्या आवाजात येत राहिलं. तो पंचायतीचा पंच होता. तिथे बंगले होणार होते. एका सकाळी डोंगर कापायचं पिवळं मशीन वर चढलं. गावची पोरं दगड घेऊन जमली. मी शाळेला दांडी मारून गेले होते आणि खरं सांगायचं तर माझ्याही हातात एक बऱ्यापैकी धोंडा होता. तेवढ्यात आबा नारळ घेऊन आले, पोरांकडे ढुंकूनही न बघता थेट मशीनच्या दातांपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा म्हाराजा, ह्या दोंगराच्या धन्या! हो मशीनवालो पोर पोटाखातर हंय इलोसा. ताचो हातपाय धड ठेव रे म्हाराजा!"

पोरांच्या हातात दगड, पण तोंडातून सवयीने बाहेर पडलं, "व्हय म्हाराजा!"

"ताच्या घरच्या माणसांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ताच्या मालकाक बुद्दी दी, बरकत दी, आनी बंगले बांदूक दुसरी खंय तरी बरी जागा दी रे म्हाराजा!"

या वेळचं "व्हय म्हाराजा" सगळ्यात जोरात आलं, कारण मशीनवरच्या पोरानेही ते म्हटलं होतं. तो दोडामार्गचा निघाला. त्याने टोपी काढली, मशीन बंद केलं, खाली उतरून राखणदाराच्या दिशेने हात जोडले. बंगलेवाल्यांचा मॅनेजर फोनवरून त्याला काय काय बोलला ते सगळ्यांना ऐकू येत होतं. पोरगा एवढंच म्हणाला, "सायेब, गाऱ्हाण्यावरसून मशीन घालूचा नाय. माका घराक जावचा आसा."

हातातला धोंडा मी गुपचूप खाली ठेवला. त्या दिवशी मला आबांचा अभिमान वाटला होता, फार वाटला होता.

त्यानंतर पावसाळ्यापर्यंत आंदोलन चाललं. शिवीगाळ नाही, काचा फोडणं नाही. रोज सकाळी चार बायका डोंगराच्या वाटेवर रांगोळी घालत आणि पुरुष झाडाखाली बसून भजन म्हणत. पोलीस आले तर आबा त्यांना आपल्या सोप्यावर बसवून चहा देत. एक हवालदार तर भजनाला टाळ धरून बसला. मी दुसऱ्या आघाडीवर होते. पणजीला वकील गाठला, कागद जमवले, कोर्टात अर्ज घातला. अर्जदार आबा, कारण झरीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क त्यांच्या घराचा. वकील सावध माणूस होता, पण तोही म्हणाला की झर कोर्टाला दाखवता येते, पाट दाखवता येतो, स्थगिती मिळायला हरकत नाही. तारीख दिवाळीनंतरची पडली.

आणि दिवाळीच्या आधी मॅनेजर बदलला.

नवा मॅनेजर हुशार होता. वहाणा अंगणाबाहेर काढून आत आला, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं, पदेराच्या उंड्या पावाबरोबर चहा घेतला. बरोबर पुतण्या होता. मॅनेजर म्हणाला, राखणदाराचा पाषाण असा उघड्यावर ऊनपाऊस खातो हे बरं दिसत नाही. कंपनी त्याला डोंगराच्या पायथ्याशी चांगलं देऊळ बांधून देईल. वर कौलं, खाली फरशी, वीज, वर्षाला उत्सव. मी दाराआडून ऐकत होते. फरशी हा शब्द ऐकला आणि मला डिचोलीतली देवळं आठवली.

आबा म्हणाले, "ती देवाची जागा. हांव कोण व्हय म्हणूक?"

पुतण्या लगेच म्हणाला, "मगे देवाकच इचारूया, आबा. कौल घेवया."

कौल म्हणजे ग्रामदेवतेच्या देवळात ओल्या पाषाणमूर्तीला दोन्ही बाजूंनी पिटकुळीच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालून वाट बघायची. उजवी कळी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार. गावातलं लग्न, घर, विहीर, सगळं असंच ठरत आलेलं. त्या दोघांचे पाय अंगणाबाहेर पडताच मी आबांना म्हटलं, "हे करू नका. कोर्टाची तारीख तोंडावर आली आहे. ती होऊ दे, मग हवे तेवढे कौल घ्या. हा सापळा आहे, आबा."

"सापळो कसो? देवाक थोडीच कोणी फितवता?"

"पण उजवी पडली तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे मीही तसं पाहत नाही. "बाई, देवाक इचारूक भियेवचां? मगे इतले दीस आमी कोणाच्या नावान बसलों?"

त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

कौलाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मॅनेजर खांबाला टेकून हात जोडून उभा. पुजाऱ्याने मूर्तीवर पाणी घातलं, कळ्या लावल्या. आता प्रश्न घालायचा. प्रश्न गावाच्या वतीने आबांनीच घालायचा, दुसऱ्या कोणाला तो मान नव्हता. गावातल्या बारक्या पोरालाही कळत होतं की पहिला प्रश्न कोणता असायला हवा. "म्हाराजा, ह्यो दोंगर राखूचो काय?" एवढंच. पण आबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि आपल्या जन्माच्या सवयीप्रमाणे समोरच्याचं आधी घातलं.

"बा म्हाराजा, ही माणसां तुका नवा घर बांदतत म्हणतत. दोंगर आपल्याक होयो म्हणतत. तांचां म्हणणां तुका मानता तर उजवी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. काय म्हणतोय हे कळायच्या आत म्हणाले.

उजवी कळी पडली. फार वेळ लागला नाही. टप्‌कन पडली.

मी नंतर त्या कळीवर पुष्कळ विचार केला. कळी ताजी होती. पुजारी सज्जन होता, आमच्याच भजनात बसायचा. वारा नव्हता. पंखा बंद होता. मला त्यात एखादी लबाडी सापडली असती तर मी सुखाने झोपले असते. पण ओल्या दगडावरून कळी घसरली, एवढंच झालं. कळ्या घसरतात.

मग मागून एक म्हातारी शेतकरीण म्हणाली, "आबा, आता आमचां इचार." आणखी चारजण म्हणाले. मी तर ओरडलेच, "दुसरा प्रश्न घाला! आपला प्रश्न राहिलाच आहे!" पुजारीही कळ्यांची परडी हातात घेऊन वाट बघत होता. रीतीला ते धरून होतं, घालता आला असता.

आबांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी ते म्हणाले, "जाप मेळ्ळी, देवान सांगलां तां सांगलां. देव म्हणजे कोर्टातलो साक्षीदार न्हय, परत परत उलटो करून इचारूक."

आणि त्यांनी नारळ फोडला.

त्यानंतरचं लवकर संपलं. कोर्टातून अर्ज मागे घ्यायचा म्हणून ते मला पणजीला घेऊन गेले, कारण वकिलाचं ऑफिस त्यांना सापडत नसे. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. वकिलाने विचारलं, "का मागे घेता?" आबा म्हणाले, "देवान सांगलां." वकिलाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अर्जात माझं नाव घाला. तो म्हणाला, भाडेकरणीला झरीवर काय हक्क? गावात परत येऊन मी घरोघर फिरले. महिनेन्‌महिने भजनं म्हणणाऱ्या, रांगोळ्या घालणाऱ्या, हवालदाराला चहा पाजणाऱ्या त्या गावात एकाही घराने आपलं नाव दिलं नाही. "कौल उतरलो, बाई." "देवाच्या आड येवचां?" "देवाची मर्जी." हे तिसरं वाक्य सगळ्यांना फार आवडलं. एकदा ते म्हटलं की घरात बसायला मोकळं.

लोक म्हणतात, आपल्या धर्माने माणसाला शांतपणे जगायला आणि शांतपणे लढायला शिकवलं. बरोबर आहे. मी दोन्ही पाहिलं. शांतपणे हरायलाही तोच शिकवतो, हे मात्र भाषणात कोणी सांगत नाही. मी काही नास्तिक नाही. नार्व्याला गेले की मीही देवापुढे नारळ ठेवते. पण देवाला डोंगराचा हिशेब विचारण्याआधी डोंगर वाचवावा, इतकं व्यवहारज्ञान माझ्यात आहे. आबांमध्ये ते नव्हतं आणि त्यांच्यात नसलेल्या गोष्टीला गाव मोठेपणा म्हणत होतं.

मशीन परत आलं. या वेळी चालवणारा कुठला तरी दूरचा होता. त्याला गाऱ्हाणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि ते घालायला कोणी गेलंही नाही. किंदळीचं झाड गेलं. राखणदार नव्या देवळात फरशीवर बसला. ते देऊळ बंगल्यांच्या फाटकाच्या आत आलं, त्यामुळे उत्सवाच्या दिवशी आत जायचं तर पहारेकऱ्याकडे नाव लिहावं लागतं. फाटकावर शांततेत राहण्याविषयी काहीतरी गोड लिहिलेलं आहे. शहरातली माणसं येतात, चटया घालून श्वास आत घेतात, बाहेर सोडतात.

झर शिगम्यापर्यंत बारीक झाली आणि उन्हाळ्यात थांबली. पुढच्या पावसाळ्यात लाल चिखल होऊन वाहिली, मग परत थांबली. गावाचं उन्हाळी भात गेलं. आबांच्या सुपाऱ्या शेंड्यापासून वाळत आल्या. आबा पाटाशी जाऊन बसत. पाटात काही नसे. पंचायतीचा टँकर आला की गावाबरोबर तेही कळशी घेऊन रांगेत उभे राहत आणि लोक त्यांना आदराने पुढे जायला सांगत. ते जात नसत. रांगेत विषय निघाला की सगळे एकमेकांना तेच ते ऐकवत, देवाची मर्जी. सुरुवातीला आबाही म्हणत. मग म्हणेनासे झाले. गाऱ्हाणं घालायला बोलावलं तर घसा बसलाय म्हणून सांगत. मी ते वाक्य गावात एकदाही उच्चारलं नाही. कोणी माझ्यापुढे उच्चारलं तर तोंडावर दार लावत असे, आणि हे आबांना भिंतीपलीकडून ऐकू जात असे.

आमच्या दोघांत त्या काळात बोलणं असं राहिलं नव्हतं. मी टँकरचं पाणी त्यांच्यासाठी भरून ठेवी, ते माझ्या जनेलावर, खिडकीच्या कठड्यावर, केळीचं पान ठेवत, वाळलेल्या कडांचं. विहिरीचा तळ दिसू लागला तेव्हा मी डिचोलीकडे बदली मागून घेतली.

जायच्या सकाळी टेम्पो आला. सामान चढत होतं. आबा सोप्यावर बसले होते. मी निरोप घ्यायला गेले तर ते उठले. इतकी वर्षं मी त्यांना कधी अडखळताना ऐकलं नव्हतं.

"बाई, एक मागणां आसा. जावचे आदीं माका गाळी घाला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"गाळी. शिव्यो. गावात कोणूच घालीना. सगळे पायां पडतत, देवाची मर्जी म्हणतत आनी जातत. पयलो प्रस्न हांवें घातलो, बाई. कळी पडली ती पडली, पूण प्रस्न हांवें घातलो. दुसरो घालूक तुमी सांगिल्लां, हांवें नाय म्हटलां. हां कोणी तरी माका म्हणूक होयां. तुमच्या तोंडात आसा, माका आयकू येता. एकदां तरी म्हणा."

ते हात जोडून उभे होते. देवापुढे उभे राहत तसेच. खरंच माझ्या तोंडात होतं सगळं. डिचोलीच्या बाजारात शिकलेल्या शिव्या, पणजीच्या बसमध्ये गिळलेली वाक्यं, सगळं ताजं होतं. ते दिलं असतं तर म्हाताऱ्याला रडता आलं असतं आणि कदाचित मलाही. त्या वाळलेल्या सुपाऱ्या त्यांच्या मागे उभ्या होत्या. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"देवाची मर्जी, आबा," मी म्हटलं आणि टेम्पोत जाऊन बसले.